नामदाफाला सहकुटुंब जावे का?

प्रश्न
ताडोबा आणि पेंच पाहून झाल्यावर आता अरुणाचल प्रदेशातील नामदाफा राष्ट्रीय उद्यानात जाण्याचा विचार आहे. वाघ, बिबट्या, हिमबिबट्या आणि क्लाउडेड लेपर्ड (अंगावर ढगांसारखे पट्टे असलेला मार्जारकुळातील प्राणी) या चारही प्राण्यांचा वावर एकाच उद्यानात असल्याचे वाचून उत्सुकता वाढली. सोबत सत्तरीचे आईवडील असतील. कोणत्या महिन्यात जावे आणि सफारीची नोंदणी कोठे करावी, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
आपण वाचले ते खरे आहे, परंतु त्या भरवशावर नामदाफाला जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे १,९८५ चौरस किलोमीटरचे हे उद्यान २०० मीटरच्या आसपासच्या सखल अरण्यापासून ४,५७१ मीटर उंचीच्या दाफाबुम शिखरापर्यंत चढत जाते. हिमबिबट्याचा अधिवास अगदी वरच्या टप्प्यात असल्यामुळे सामान्य पर्यटक तेथवर पोहोचतच नाही, आणि खालच्या घनदाट, सदाहरित जंगलात वाघ पाच पावलांवरून गेला तरी दिसणार नाही. ताडोबासारखी जिप्सी सफारी येथे नाही. देबानच्या वन विश्रामगृहापासून नोआ-दिहिंग नदी ओलांडायची आणि हल्दीबारी, हॉर्नबिल या तळांच्या दिशेने पायी चालायचे, हीच येथील रीत आहे.

मात्र ज्याला कान देऊन जंगल अनुभवता येते, त्याच्यासाठी यापेक्षा समृद्ध अरण्य भारतात क्वचितच असेल. हूलॉक गिबन या बिनशेपटीच्या वानराच्या जोडीने सकाळी घातलेली साद दरीभर घुमते, आणि धनेशाच्या पंखांचा आवाज तो पक्षी दिसण्यापूर्वीच ऐकू येतो. १९८१ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झालेली नामदाफा उडणारी खार याच जंगलातील एकमेव नमुन्यावरून वर्णिली गेली, यावरून येथे अजून किती अज्ञात असेल याची कल्पना यावी.

प्रतिसाद २
प्रवासापुरते लिहितो. अरुणाचलबाहेरील भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात प्रवेशाचा परवाना, अनिवार्य आहे आणि त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. उद्यानाची प्रवेश परवानगी मियाओ येथील वन कार्यालयातून घ्यावी लागते. दिब्रुगडपर्यंत विमानाने किंवा तिनसुकियापर्यंत रेल्वेने जाऊन पुढे मोटारीने मियाओ गाठावे. नोव्हेंबर ते मार्च हा काळ योग्य. पावसाळ्यात रस्ता बंद पडतो आणि जळवांचा उपद्रव फार होतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग आईवडिलांना सोबत न्यावे की नाही?

प्रतिसाद १
कोरड्या हंगामात देबानपर्यंत गाडी जाते, त्यामुळे ते तेथे राहून नदीकाठचे पक्षी निवांत पाहू शकतील. पलीकडची चढण मात्र त्यांच्यासाठी टाळावी. निघण्यापूर्वी मलेरियाच्या प्रतिबंधाबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावे. पायवाटेवर स्थानिक वाटाड्या घ्यावाच, आणि हिवाळ्यात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होत असल्याने परतीची वेळ त्याच्याकडूनच ठरवून घ्यावी.