व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये रात्री तंबू लावण्याची परवानगी कोठे मिळते? (मदत हवी आहे)

धुकेकरी: नमस्कार. उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये एक रात्र तंबूत राहण्यासाठी वनखात्याच्या नेमक्या कोणत्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो? गेले चार दिवस मी फोन करीत आहे आणि उचलणारा प्रत्येक जण दुसराच क्रमांक देतो. मला पहाटेच्या उजेडात छायाचित्रे काढायची आहेत, त्यामुळे जवळच्या घांगरिया गावी राहून ये-जा करण्याचा पर्याय कृपया सुचवू नये. आई सोबत असल्याने खेचर कोठपर्यंत जाते, तेही सांगावे. आरक्षण झालेले आहे, म्हणून घाई आहे.

पाऊलवाट: अर्ज कोठेही केला तरी परवानगी मिळणार नाही. १९८२ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटकांना सकाळी आत सोडतात आणि संध्याकाळपूर्वी सर्वांना बाहेर यावे लागते. दरीच्या वाटेवर खेचरे घांगरियापर्यंतच जातात. पुढे पायी चालावे लागते किंवा पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारा कंडीवाला करावा लागतो. आरक्षण कोणत्या तारखेचे आहे, आईंचे वय काय आणि एकूण किती जण आहात?

रानजाई: परवानगी मिळत असती तरी तंबू लावू नका, असेच मी म्हटले असते. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत तेथील रोपट्याला उगवून, फुलून, बी धरायचे असते, त्यामुळे जुलैत तंबूखाली दबलेल्या रोपाचे ते वर्ष बहुधा वायाच जाते. शिवाय निघण्यापूर्वी बूट घासून धुवा. घांगरियाच्या खोलीत मी एकदा नाड्या सोडल्या, तर गाठीत आमच्याच डोंगरावरची दोन कुसळे आणि तळव्याच्या खाचेत वाळलेला चिखल निघाला. म्हणजे परक्या गवताचे बी मी स्वतःच दीड हजार किलोमीटर वाहून नेले होते.

धुकेकरी: आरक्षण ६ जूनचे आहे. आई ६८ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. तिला जवळच्या हेमकुंड तीर्थाहून एक ब्रह्मकमळ आणायचे आहे, ते चालेल ना?

पाऊलवाट: ही तारीख पहिल्याच वाक्यात यायला हवी होती! उद्यान १ जूनला उघडते, परंतु पहिल्या आठवड्यात वाटेवरच्या नाल्यांत बर्फ असतो आणि फुले तुरळक असतात. बहर साधारणपणे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. तुम्ही पहाटेसाठी भांडत आहात, पण तुमचा महिनाच चुकला आहे.

खडकवासी: मुळात उद्यान करून चराई बंद केली, हीच चूक झाली. मेंढ्या होत्या तोवर अमेला हे झुडपासारखे वाढणारे तण आटोक्यात होते. आता तो माणसाच्या उंचीचा होऊन लहान फुलांना झाकून टाकतो आणि वनखात्याला मजूर लावून तो उपटावा लागतो.

रानजाई: अमेला परका नाही, तो हिमालयातलाच आहे. भूस्खलनाने उघड्या पडलेल्या जमिनीवरही तो पसरतो, हे सोडून सगळा दोष चराईबंदीवर टाकणे मला पटत नाही. मेंढ्या अमेला तेवढा खातात आणि निळी पॉपी सोडून देतात, असे थोडेच आहे?

खडकवासी: शतकानुशतके मेंढ्या चरत होत्या, तरीही १९३१ साली ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ ती दरी पाहून थक्क झाला होता. तेव्हा फुले होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

कुंडीवाली: धागाकर्त्यांच्या आई ज्याला ब्रह्मकमळ म्हणत असतील, ते कदाचित वेगळेच असेल. आपल्या कुंडीत रात्री उमलते ते मूळचे अमेरिका खंडातील निवडुंगाच्या कुळातले आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले असून त्याची फिकट, पारदर्शक पाने फुलोऱ्याला थंडीपासून जपतात. आमच्याकडे यंदा अकरा कळ्या आल्या. लावायला पान हवे असल्यास जरूर कळवा.

पाऊलवाट: पान कुंडीतलेच घ्या. राष्ट्रीय उद्यानातील कोणतीही वनस्पती तोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. हेमकुंड उद्यानाबाहेर असले, तरी तेथेही ब्रह्मकमळ तोडू नये. देवाला वाहण्यासाठी आधीच पुष्कळ तोडले गेले आहे आणि जूनच्या आरंभी ते फुललेलेही नसते.

धुकेकरी: तिकिटे रद्द करून २० जुलैची पाहतो. घांगरियाला दोन रात्री राहू आणि पहिल्या दिवशी दरवाजा उघडताच आत जाऊ. आईसाठी कंडीवाला आदल्या दिवशीच ठरवावा लागतो काय? ड्रोन मात्र सोबत आणणार आहे.

रानजाई: ड्रोन घरीच ठेवा. वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून तो उडवता येत नाही आणि वर घरघर सुरू झाली की दरीतले पक्षी बिथरतात.

पाऊलवाट: कंडीवाला आदल्या संध्याकाळी ठरवलेला बरा. पण किती कंड्या लागतील? एकूण किती जण आहात, हे तुम्ही अजूनही सांगितलेले नाही.