हंगेरीचे पैसे अडवले, ही दादागिरी की कर्तव्य?

डिचोलीकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचे पैसे रोखणारा युरोपीय संघ कोण?’ वाचून डोकंच फिरलं. २००४ साली संघात शिरताना हंगेरीने कायद्याच्या राज्याची अट मानूनच सही केली होती. तिथल्या सरकारच्या कायद्यामुळे मध्य युरोपीय विद्यापीठाला बुडापेस्ट सोडून व्हिएन्नाला जावं लागलं, तेव्हा बाकीच्यांनी गप्प बसायचं? २०१८ मध्ये युरोपीय संसदेने संघाच्या कराराचं सातवं कलम उगारलं, मूल्यं मोडणाऱ्या देशाचा संघातला मताधिकार काढून घेण्याचं. पण मताधिकार काढायचा तर बाकी सगळ्या देशांचं एकमत लागतं, आणि पोलंड तेव्हा हंगेरीच्या पाठीशी उभा होता. शेवटी २०२२ मध्ये ६.३ अब्ज युरो अडवले. दुसरं काय हातात होतं?

फोंड्याचा मास्तर: भाऊ, वरच्याने खालच्याचा कान धरायचा, हे आपण भोगलंय. १९५९ मध्ये केरळचं निवडून आलेलं सरकार केंद्राने घटनेचं नाव घेऊनच घालवलं.

डिचोलीकर: म्हणूनच राज्य सरकारं मनमानीने बरखास्त करण्याला लगाम घालणारा सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा बोम्मई निकाल आला ना? पैसे अडवायच्या नियमाविरुद्ध हंगेरी आणि पोलंडही संघाच्या कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये हरले.

पेडण्याची सून: कोर्टाचं राहू द्या. १९६७ च्या गोव्याच्या जनमत कौलात माझी आजेसासू फुलावर शिक्का मारून आली, महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. हरलो, मानलं. पण १९८७ च्या कायद्यात कोकणी राजभाषा आणि मराठी नुसती सरकारी कामात वापरण्यापुरती! सव्वा लाखावर मतं देणाऱ्यांची भाषा ही. अल्पमताची राखण हे मूल्य नव्हे? तेव्हा दिल्ली कुठे होती?

म्हापसेकर: झालं, मराठीचं गाऱ्हाणं सुरू! आमच्या घरी बोलणं कोकणी, आरत्या मराठी, कुणाचं काही अडत नाही. आधी तुमच्याकडचे पोर्तुगीज पासपोर्ट मोजा.

पेडण्याची सून: जीभ आवरा, बाब. माझ्या दिराने काढलाय. सासऱ्यांचा १९६१ पूर्वीचा, पोर्तुगीज राजवटीतला जन्मदाखला, कडा वाळवीने खाल्लेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कचेऱ्या झिजवल्या. आज तो युरोपात कामाला आहे तो संघाच्या नियमांवर. उद्या तिथल्या एखाद्या सरकारने ते नियम धाब्यावर बसवले आणि कोर्टही त्याच्याच मुठीत असलं, तर त्याने जायचं कुणाकडे? एवढ्यापुरतं डिचोलीकरांचं पटतं. मराठीचं मी सोडलेलं नाही.

फोंड्याचा मास्तर: दिराचं मानतो, नाइलाजाने. पण विश्वस्त मंडळांच्या ताब्यातल्या हंगेरियन विद्यापीठांना इरॅस्मसचा, म्हणजे पोरांना परदेशात शिकायला पाठवणाऱ्या संघाच्या योजनेचा, नवा पैसाही बंद केला. पंतप्रधान ओर्बानचं तेव्हा काय गेलं? बाहेर शिकायला निघालेली पोरं अडकली. तीस वर्षं वर्गात उभा राहिलोय, एका दांडगटापायी अख्खा वर्ग उन्हात उभा करणं मला जमलेलं नाही.

डिचोलीकर: पोरांचं खरं आहे, मास्तर. तो पैसा थेट पोरांच्या हाती द्यायला हवा होता. सरकारचा मात्र एक युरोही सोडू नये.