पीजीटी आणि इरा, दोन्ही करायलाच हवं का?

निशिगंधा: माझी मावसबहीण, वय ३३, ट्यूबा ब्लॉक म्हणून आयव्हीएफ. चार चांगले ब्लास्टोसिस्ट, म्हणजे लॅबमध्ये पाच-सहा दिवस वाढवलेले गर्भ, फ्रीझ झालेत. आता सेंटरवाले म्हणतायत ट्रान्सफरआधी, म्हणजे गर्भ पिशवीत सोडण्याआधी, पीजीटी-ए करा म्हणजे क्रोमोझोम बरोबर आहेत का ते कळेल, आणि वर इरा पण करा, म्हणजे पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासून गर्भ नक्की कितव्या तासाला सोडायचा ते ठरवता येईल. माझं स्पष्ट मत, हिच्या वयाला दोन्हीची गरज नाही, पॅकेज फुगवायचे धंदे आहेत. तुम्हाला काय वाटतं?

अबोली: धंदे म्हणणं फार सोपं असतं हो. मी ३९ व्या वर्षी आयव्हीएफला सुरुवात केली. सोनोग्राफी करता करता डॉक्टर एकदम गप्प होतात आणि स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवतात ना, ते ज्याने बघितलंय त्याला विचारा. मग क्युरेटिंग, मग पाळी जागेवर यायची वाट बघा, महिने जातात आणि या वयात महिनेच तर नसतात. चाळिशीजवळ निम्म्याहून जास्त गर्भांत क्रोमोझोमचा घोळ असतो, तो आधीच कळला तर काय बिघडलं?

पुणेरी_काकू: अबोली, तुझं बरोबर आहे गं, पण प्रश्न ३३ वर्षांच्या मुलीचा आहे. २०२१ मध्ये चीनमधला मोठा अभ्यास आला होता, २० ते ३७ वयाच्या १२१२ बायका, प्रत्येकीकडे किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट. पीजीटी-ए केलेल्यांपैकी ७७.२ टक्के जणींना बाळ झालं, न केलेल्यांपैकी ८१.८ टक्के. टेस्टने गर्भ सुधारत नाही, असलेल्यातले निवडता येतात एवढंच, आणि निवडताना चांगलाही बाहेर जाऊ शकतो.

अबोली: त्याच अभ्यासात गर्भपात पीजीटी-ए केलेल्यांत ८.७ आणि न केलेल्यांत १२.६ टक्के होते, ते का नाही लिहिलंत? बाळ होणं तेवढंच मोजायचं आणि मधलं बाईने सोसलेलं सोडून द्यायचं?

लॅबवाला: मी एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, लॅबमध्ये गर्भ सांभाळतो, म्हणून थोडं सांगतो. पीजीटीच्या बायोप्सीत ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढतात, तो थर पुढे वार बनतो, बाळ ज्यापासून होतं त्या आतल्या पेशींना आम्ही हात लावत नाही. म्हणजे रिपोर्ट वारेचा आणि निकाल बाळाचा. काही पेशी नॉर्मल काही नाही असं आलं की मोझेक लिहितात आणि पेशंट घाबरून तो गर्भ नको म्हणतात. २०१५ मध्ये इटलीत १८ बायकांना असेच मोझेक गर्भ दिले होते, सहा निरोगी बाळं जन्मली. आणि हिचे चारही आधीच फ्रीझ आहेत, म्हणजे वितळवा, बायोप्सी करा, परत गोठवा, मग ट्रान्सफरला परत वितळवा. चांगल्या लॅबमध्ये बहुतेक टिकतात, पण तो धोका धरायला हवा, सेंटरने हे सांगितलंय का?

निशिगंधा: नाही सांगितलं! आणि इराचं काय?

लॅबवाला: अस्तर तयार करणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन सुरू करून साधारण पाच दिवसांनी ब्लास्टोसिस्ट सोडतात. इरा म्हणते तुमचं अस्तर बारा तास, चोवीस तास मागे-पुढे आहे. ऐकायला पटतं. पण अमेरिकेत ७६७ जणींवर तपासलं, सगळ्यांचे गर्भ पीजीटीत नॉर्मल आलेले, २०२२ ला निकाल आला: इराप्रमाणे वेळ ठरवली त्या गटात ५८.५ टक्के जणींना बाळ झालं, नेहमीच्या वेळेला ६१.९. वरून एक महिना नुसत्या मॉक सायकलमध्ये, म्हणजे गर्भ न सोडता केलेल्या रंगीत तालमीत, जातो आणि अस्तराची बायोप्सी दुखते ती वेगळी.

वकिलीणबाई: कायद्याचं पण बघा. २०२१ च्या एआरटी कायद्यात, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्यात, गर्भाची जनुकीय तपासणी आधीपासून माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करायची असं लिहिलंय. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील तर पीजीटी-एम, म्हणजे त्या एका ठरावीक आजारासाठी गर्भाची तपासणी, हा चांगला पर्याय, त्याला नावं ठेवू नका. पण सरसकट सगळ्यांना पीजीटी-ए या कलमात कसं बसतं हे सेंटरलाच विचारा. मुलगा-मुलगी सांगणं तर गुन्हाच आहे.

पुणेरी_काकू: झालं मग. इरा रद्द, एकेक गर्भ सोडा, चार संधी आहेत हातात.

अबोली: इरा रद्द, मान्य. पण पीजीटीला सरसकट लुटालूट म्हणू नका. पहिल्याच ट्रान्सफरला गर्भपात झाला तर त्या मुलीला "अजून तीन आहेत" म्हणून गप्प करणार का?

पुणेरी_काकू: नाही करणार. पण तेव्हाही आधी गर्भपाताचं कारण शोधू, उरलेले तीन टेस्टसाठी वितळवायला लगेच नाही देणार.