‘एक्स्प्रेस लेन’साठी मराठी शब्द

प्रश्न (रावपुरा, बडोदे): अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या ‘एक्स्प्रेस लेन’ला ‘जलद मार्गिका’ म्हटलं तर चालेल का? की ‘जलद पदर’?

मांजलपूर: ‘पदर’ नको. ‘चौपदरी’, ‘सहापदरी’ असं आपण अख्ख्या रस्त्याबद्दल म्हणतो. ‘डाव्या पदरातून चला’ असं कुणी म्हणत नाही. ‘जलद मार्गिका’ही फसवी आहे. वाचणाऱ्याला आपली ओव्हरटेकची उजवी लेन वाटेल. त्या लेनमधून गाडी पुढे काढून लगेच डावीकडे यायचं असतं. एक्स्प्रेस लेन मुळातच अलग काढलेली असते, आत-बाहेर करायला ठरावीक जागाच असतात. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत ९१ क्रमांकाच्या रस्त्यावर १९९५ पासून अशा टोलच्या लेन आहेत.

दांडिया बाजार: ‘जलद’ची बाजू मांडतो. मुंबईची जलद लोकल मधली स्टेशनं गाळते म्हणून जलद. एक्स्प्रेस लेनचंही तेच.

मांजलपूर: लोकलला रूळ वेगळे असतात, इथे शेजारी उघडी लेन असते. धोका तिथेच आहे. एक्स्प्रेस लेनमध्ये ताशी १०० किमी आणि शेजारी कोंडीत ३० किमी वेग असेल, तर फरक सेकंदाला सुमारे १९ मीटर. कोंडीतून कुणी ५० मीटर पुढे अचानक आत घुसला, तर अंतर अडीच सेकंदांत संपतं. आपल्याकडे रस्ता आखताना धोका दिसण्यापासून ब्रेक लागेपर्यंत तेवढाच वेळ धरतात! नुसता रंगवलेला दुहेरी पट्टा कुणीही ओलांडतो. प्लॅस्टिकचे खांब गाडीखाली वाकतात. काँक्रीटची भिंत घुसखोरी थांबवते, पण कडेला मोकळी पट्टी नसेल तर एक बंद पडलेली गाडी सगळी लेन अडवते आणि रुग्णवाहिकाही पोचत नाही. लेन एकच असेल तर एका संथ गाडीमागे सगळे अडकतात. दोन असल्या की वाहतूक मोकळी होते. आत-बाहेर करायच्या जागा जवळजवळ ठेवल्या तर शिरणारे आणि निघणारे एकमेकांना तिरके छेदतात, आणि मागे ब्रेकची लाट पसरते.

रावपुरा: मग ‘थेट मार्गिका’?

दांडिया बाजार: पटलं. ‘थेट गाडी’ आपण म्हणतोच. पहिल्या उल्लेखात ‘एक्स्प्रेस लेन’ ठेवा, बडोद्यात बोलताना सगळे ‘लेन’च म्हणतात. उद्या अहमदाबाद–बडोदे द्रुतगती मार्गावर अशी लेन झाली, तर आणंदला उतरणारा ‘थेट’ वाचून वेळीच डावीकडे राहील. ‘जलद’ वाचून तो आत शिरेल.