बँक : नदीची, पैशांची आणि शाळेतल्या बाकाची

इंग्रजीत नदीकाठही बँक आणि पैसे ठेवायची जागाही बँक. हे शब्द योगायोगाने सारखे झाले, की मूळ एकच? शब्दकोशांत दोघांच्या नोंदी वेगळ्या असतात, म्हणून बरेच जण योगायोगच मानतात. पण खोलवर गेलं तर दोन्ही एकाच जर्मानिक (इंग्रजी, जर्मन ज्यात येतात त्या भाषासमूहातल्या) शब्दकुळातले निघतात. त्या कुळाचा मूळ अर्थ उंचवटा, कडा, फळीसारखी उंच जागा असा काहीसा. बेंच हा शब्दही त्याच घरातला.

वाटा मात्र वेगळ्या. काठाचा अर्थ स्कँडिनेव्हियन भाषांतून इंग्रजीत आला. वळताना विमान एका अंगावर कलतं, त्यालाही बँक म्हणतात, ते उतरत्या काठावरूनच. पैशांची बँक आली इटलीहून. तिथे सराफ बाकावर किंवा मेजावर नाणी मांडून बसत, त्याला बांका किंवा बांको म्हणत. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची पेढी १३९७ची. बँक ऑफ इंग्लंड थेट १६९४ची.

या बाकाचा गोतावळा मला फार आवडतो. बँक्रप्ट म्हणजे मुळात ‘बांका रोत्ता’, मोडलेला बाक. बुडालेल्या सराफाचा बाक लोक खरोखर फोडत, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण ती दंतकथाच असावी. ‘धंदा मोडला’ म्हणताना आपण तरी कुठे काही फोडतो! मेजवानीचं बँक्वेट म्हणजे शब्दशः छोटा बाक. आणि भोंदू वैद्याला माउंटीबँक म्हणतात, कारण तो बाजारात बाकावर चढून औषधं विकायचा.

आता आपल्याकडे. शाळेतला बाक इंग्रजी बेंचवरून आलेला नाही, तो पोर्तुगीज ‘बांको’वरून आला. म्हणजे वर्गातला बाक आणि कोपऱ्यावरची बँक ही सख्खी भावंडं आहेत. ‘पाठीला बाक आला’मधला बाक मात्र वेगळा, तो वाकण्याचा, त्याचं नातं संस्कृत ‘वक्र’शी.

त्याहून सुंदर गोष्ट ‘पेढी’ची. संस्कृत पीठ, पीठिका म्हणजे आसन. त्यावरून प्राकृतातून पेढी. इटलीतल्या सराफाच्या व्यवसायाला त्याच्या बसण्या-मांडण्याच्या जागेचं नाव मिळालं, आपल्या सराफाच्याही मिळालं, आणि दोघांनी ते एकमेकांकडून घेतलेलं नाही. म्हणूनच बँकेसाठी घडवलेला ‘अधिकोष’ हा प्रतिशब्द मला कधी पटला नाही. पेढी हाताशी असताना नवा शब्द घडवायची गरज नव्हती, आणि तो लोकांच्या तोंडी रुजलाही नाही. पतपेढी टिकली. रक्तपेढीही रुळली. १९३७मध्ये शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्तसाठ्यासाठी ‘ब्लड बँक’ हे नाव वापरलं; मराठीने त्याला चपखल प्रतिशब्द दिला. ‘व्होट बँक’ला मात्र मतपेढी म्हणणारे संपादकीयांबाहेर क्वचितच भेटतात.

एक आग्रह बातम्या लिहिणाऱ्यांना. ‘वेस्ट बँक’ म्हणजे जॉर्डन नदीचा पश्चिम काठ. नुसतं वेस्ट बँक छापलं की नवख्या वाचकाला तो भूभाग आहे हेच कळत नाही. पहिल्या उल्लेखात तरी ‘जॉर्डन नदीचा पश्चिम काठ’ असं लिहा.