अब्रामोविचने चेल्सी सोडल्याचं वाईट वाटणं चूक आहे का?

मिऱ्याबंदर: १९ मे २०१२. रत्नागिरीत आंब्याचे दिवस. बाबांसोबत पेट्या भरून झाल्यावर रात्री सव्वाबाराला टीव्ही लावला, म्युनिकला चेल्सीची चॅम्पियन्स लीग फायनल. ८८व्या मिनिटाला आपल्या ड्रॉग्बाचं हेडर, आणि शेवटची पेनल्टीही त्याचीच! बाबांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, तरी तेही माझ्यासोबत नाचले. रशियन अब्जाधीश अब्रामोविचने २००३ मध्ये चेल्सी क्लब विकत घेतला नसता तर ती रात्र आली असती का? २ मार्च २०२२ ला त्याने क्लब विकायचं जाहीर केलं तेव्हा मला रडू आलं. तिकडे रशियाच्या हल्ल्यात युक्रेनमध्ये माणसं मरत होती, म्हणून कोणाला बोललो नाही.

खाडीकाठ: वाईट वाटू दे रे. पण ५ मार्चला बर्नलीतल्या मॅचआधी युक्रेनसाठी टाळ्या वाजत असताना आपल्याच लोकांनी अब्रामोविचच्या नावाचा घोष केला, ते मला सहन झालं नाही. आपला तेव्हाचा कोच टुखेलनेही तिथेच सुनावलं. शेवचेंको आपल्याच निळ्या जर्सीत खेळलाय, तो युक्रेनचा.

देवबागकर: मी न्यूकॅसलवाला. आमचा मालक माइक अ‍ॅशली २००७ ला आला, दोनदा संघ खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, स्टेडियमचं नावसुद्धा बदललं त्याने. ७ ऑक्टोबर २०२१ ला तो क्लब विकून गेला, तेव्हा आमच्या स्टेडियमबाहेर, सेंट जेम्स पार्कबाहेर, लोक नाचले. माका पण खूप बरा वाटला. तुझं दुःख वेगळं आहे, मान्य.

मिऱ्याबंदर: बर्नलीच्या वेळी मी टीव्ही बंद केला होता. २०१२ ची जर्सी मात्र जपून ठेवलीय, चिकाच्या डागासकट.