४ जूनला मत दिलं, पण उमेदवार १२ मार्चलाच ठरला होता : अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक बदलायची कुठून?

एडिसनकर

अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर पहिलं मत मी ४ जून २०२४ ला दिलं, न्यू जर्सीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात. मुलीच्याच शाळेच्या जिममध्ये केंद्र होतं. बाबा या वर्षी मत देणार, असं तिला आठ दिवस आधीपासून सांगत होतो. मतपत्रिका समोर आल्यावर कळलं, अध्यक्षपदाच्या रकान्यात निवडण्यासारखं काही उरलेलंच नाही. बायडेन आणि ट्रम्प या दोघांनीही उमेदवारीसाठी लागणारे डेलिगेट, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, १२ मार्चलाच मिळवले होते.

बाकीच्या इच्छुकांना घरी कोणी पाठवलं? १५ जानेवारीला आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला, म्हणजे उमेदवार ठरवायच्या पक्षसभांना, सुमारे १ लाख १० हजार माणसं आली. विवेक रामस्वामी त्याच रात्री बाहेर पडले, रॉन डिसँटिस सहा दिवसांनी. ३३ कोटींच्या देशासाठी पहिली चाळणी एवढ्याच लोकांनी लावली.

आपल्या मंडळींत विषय निघाला की सगळे इलेक्टोरल कॉलेजवर (प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर, आणि बहुतेक राज्यांत तिथे जिंकणाऱ्याला ते सगळे) तुटून पडतात. २०१६ ला हिलरी क्लिंटन सुमारे २९ लाख मतं जास्त मिळूनही हरल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. तो अन्याय आहेच. पण नोव्हेंबरात ताटात काय वाढायचं हे जानेवारीतच ठरत असेल, तर आधी स्वयंपाकघरात शिरायला हवं.

देशाचे चार विभाग करा. मार्च ते जून दर महिन्याला एका विभागाची प्रायमरी घ्या, आणि पुढच्या निवडणुकीत पहिला मान दुसऱ्या विभागाला द्या. राज्यांत निवडणुका बघणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट मंडळींच्या संघटनेनं ही योजना केव्हाच मांडली आहे. त्यांनी आयोवा आणि न्यू हॅम्पशायरला मात्र पहिलंच राहू दिलं होतं. मी नाही देणार.

आणि सोबत पसंतीक्रम हवा, म्हणजे मतपत्रिकेवर पहिला, दुसरा, तिसरा असे उमेदवार लावता यावेत. २०१६ ला साउथ कॅरोलिनात ट्रम्पना ३२.५ टक्के मतं पडली आणि ५० च्या ५० डेलिगेट मिळाले. उरलेल्या ६७ टक्क्यांना दुसरा कोण चालला असता, हे कोणी विचारलंच नाही.

रानवारा

एडिसनकर, मी आयोवात राहते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

३ जानेवारी २००८ ची रात्र मला अजून आठवते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. डेमोक्रॅट कॉकसमध्ये तेव्हा मतपत्रिका नसायची. ज्याचा उमेदवार त्याचा कोपरा, आणि आपण तिथे जाऊन उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात पंधरा टक्केही माणसं जमली नाहीत तो मोडायचा, मग शेजारीपाजारी येऊन हाताला धरून म्हणायचे, "आमच्याकडे या, का ते सांगतो." आमच्या मुलाच्या बेसबॉल कोचनं मला दहा मिनिटं आरोग्यविम्यावर समजावलं. तुम्ही मागताय तो पसंतीक्रम आम्ही पायांनी देत होतो.

त्या रात्री ओबामा जिंकले. त्याआधी देशभरच्या चाचण्यांत ते मागे होते. १९७६ ला जिमी कार्टर नावाच्या जॉर्जियाच्या माजी गव्हर्नरला बाहेर कोण ओळखत होतं? छोट्या राज्यात गाडीनं फिरून, लोकांच्या घरी बसून माणूस उभा राहू शकतो. तुमच्या योजनेत पहिल्याच महिन्यात दहा-बारा राज्यांत टीव्हीच्या जाहिराती विकत घ्याव्या लागतील. एवढा पैसा कोणाकडे असतो?

एडिसनकर

रानवाराताई, पैशाचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण संध्याकाळी ठरल्या वेळी दोन तास हॉलमध्ये उभं राहणं रात्रपाळीच्या नर्सला जमत नाही, तान्हं बाळ घरी असलेल्या आईलाही नाही. २०२० ला तर ॲप कोलमडलं आणि निकालाला कित्येक दिवस लागले. शेवटी डेमोक्रॅट पक्षानंच २०२४ ला पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला. मान हलवता येतो हे सिद्ध झालंय. मग तो सगळ्यांकडे का फिरू नये?

मास्तर_तळेगाव

इथे भारतात बसून वाचतोय, म्हणून थोडं वेगळं. तुम्हाला जूनमध्ये का होईना कोणी विचारलं तरी. आमच्याकडे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार ते तालुकाध्यक्षालाही माहीत नसतं. वीस वर्षं पक्षाचे झेंडे लावलेल्या माणसाचं तिकीट कापताना कुठल्याच मतदाराला विचारत नाहीत. तुमची प्रायमरी सदोष असेल, पण ती हातची घालवू नका.

पसंतीक्रमाबद्दल सावध करतो. पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीला मी ड्युटीवर होतो. आयोगानं दिलेल्या जांभळ्या पेननं फक्त आकडा लिहायचा असतो. तरी कोणी बरोबरची खूण केलेली, कोणी सही ठोकलेली, कोणी अक्षरात 'एक' लिहिलेलं. सगळी मतं बाद. सगळे मतदार पदवीधर होते. कोटा (जिंकायला लागणारी मतं) पूर्ण होईना म्हणून शेवटच्या उमेदवाराचे गठ्ठे पुन्हा पुन्हा वाटत पहाट झाली. हे पंधरा कोटी मतांना कसं करणार?

एडिसनकर

मास्तर, मेन राज्यानं २०२० ला अध्यक्षपदाची निवडणूक याच पद्धतीनं घेतली. तिथे आकडा लिहायचा नसतो, पसंतीच्या रकान्यातला गोल काळा करायचा आणि मोजणी यंत्र करतं. बाद मतांची भीती त्यानं बरीच कमी होते.

सस्केहाना

प्रायमरीचं ठीक आहे. पण तुम्ही इलेक्टोरल कॉलेजलाही अन्याय म्हणालात, तिथे माझा विरोध आहे. मी पेनसिल्व्हेनियात असतो.

२००० साली फ्लोरिडात फरक होता ५३७ मतांचा. फेरमोजणी एकाच राज्यात होती, तरी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि देश महिनाभर टांगणीला लागला. देशभरची मतं एकत्र मोजायची झाली आणि फरक कमी निघाला, तर पन्नास राज्यांत फेरमोजणी. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, टपाली मताची मुदत निराळी, ओळखपत्राचा कायदा निराळा. कोणत्या कोर्टाचं ऐकायचं? आणि हा संघराज्यांचा देश आहे. वायोमिंगच्या पावणेसहा लाख लोकांना ३ इलेक्टर मिळतात ते उगाच नाहीत. ती राज्यं त्या अटीवर एकत्र राहिली आहेत.

एडिसनकर

सस्केहाना, २०२० ला ट्रम्पना सर्वांत जास्त मतं कुठल्या राज्यात पडली? टेक्सासमध्ये नाही, कॅलिफोर्नियात. ६० लाखांहून जास्त. त्यातल्या एकाही मतानं एकही इलेक्टर मिळाला नाही. टेक्सासमधल्या बायडेनच्या ५२ लाखांची तीच गत. ही माणसं कुठल्याही छोट्या राज्यापेक्षा संख्येनं जास्त आहेत. त्यांच्याकडे ऑक्टोबरात कोणी फिरकत नाही. तुमच्या दारात मात्र, राज्य काठावरचं म्हणून, दररोज कोणीतरी उभं असतं.

सस्केहाना

असतं, खरंय. २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात टपालपेटीत एका दिवशी अकरा पत्रकं होती. मला त्याचं सुख नाही. पण उपाय कोणता? घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यं लागतात. १९६९ ला हाउसनं (खालच्या सभागृहानं) ३३८ विरुद्ध ७० नं थेट निवडणूक मंजूर केली, सेनेटमध्ये ती अडली. म्हणून आता आडवाटेनं राज्याराज्यांचा करार चाललाय. २०२४ पर्यंत १७ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून २०९ इलेक्टर झाले. २७० म्हणजे बहुमत झालं की देशात ज्याला जास्त मतं त्याला आपले सगळे इलेक्टर द्यायचे. म्हणजे माझं राज्यही त्यात गेलं, तर राज्यानं एकाला कौल दिला तरी आमचे १९ इलेक्टर दुसऱ्याला जातील. हे मी शेजाऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू?

रानवारा

या एका मुद्द्यावर मी सस्केहानांच्या बाजूनं. आधी मतदारयादी, टपाली मत आणि फेरमोजणीचे नियम सगळ्या देशात एक करा. ते झालं तर आयोवाचा पहिला नंबर सोडायला मी आमच्या काउंटीच्या बैठकीत हात वर करीन. आमच्या कोपऱ्यातले बाकीचे करतील असं मात्र वाटत नाही.

एडिसनकर

एकसारखे नियम मला कबूल. पण न्यू जर्सीनं त्या करारावर २००८ मध्येच सही केली आहे, आणि ती मागे घ्या असं मी म्हणणार नाही.